समरकंदला ओश खायचा तर बाराच्या आतच पोचा

समरकंदला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून ठेवा, ओश हा दुपारी बाराच्या सुमाराला खायचा असतो. एक-दीड वाजता निवांत आवरून गेलात तर चांगल्या ठिकाणची कढई रिकामी झालेली असते आणि मालक छातीवर हात ठेवून नम्रपणे सांगतो की संपला, उद्या या. रात्रीचं तर सोडूनच द्या. टुरिस्टांच्या हॉटेलांत रात्री मिळतो म्हणा, पण तिथली माणसं रात्री ओश मागवताना दिसली नाहीत मला. ओश म्हणजे तोच तो उझबेकांचा प्रसिद्ध पलोव, मटण आणि गाजर घालून केलेला भात, बाहेरचे लोक पलोव म्हणतात, तिथे घरीदारी ओशच म्हणतात, आणि २०१६ साली युनेस्कोने जो अमूर्त वारशाच्या यादीत घेतला तो हाच, त्याच वर्षी शेजारच्या ताजिकिस्तानचाही घेतला.

आम्ही चौघी यवतमाळच्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी. आता एक पुण्यात, एक नाशिकला, एक अमरावतीला आणि मी नागपूरला. कित्येक वर्षं "एकदा आपण चौघीच जाऊ" चाललं होतं, ते या ऑक्टोबरात जमलं. उझबेकिस्तान ठरलं ते पुणेवालीमुळे, कारण तिचा भाचा समरकंदला एमबीबीएस करतो. तिथल्या मेडिकल युनिव्हर्सिटीत भारतातली भरपूर मुलं आहेत, आपल्याकडची लातूर, बीड, नांदेडची पण बरीच, आणि ती पोरं तिथे इतकी रुळलीयत की बाजारात उझबेक रशियन मिसळून घासाघीस करतात. हा भाचा आम्हा चौघींनाही मावशीच म्हणतो. ताश्कंदहून अफ्रोसियोब नावाची फास्ट ट्रेन आहे, दोन-सव्वादोन तासात समरकंद, तिचं तिकीट खूप आधी काढा, पटकन भरते. स्टेशनवर उतरल्या उतरल्या त्याने पहिलंच सांगितलं, "मावशी, रेगिस्तान चौकाजवळ कुठेही जेवायला बसू नका. उद्या सकाळी माझ्यासोबत चला, मी ओपाला सांगून ठेवलंय."

ओपा म्हणजे ताई, ही घरीच खानावळ चालवणारी. तिथे कोणत्याही मोठ्या बाईला ओपा आणि मोठ्या पुरुषाला अका म्हणतात. नाव घेऊन हाक मारलेली मला कुठे ऐकूच आली नाही.

आधी सांगून ठेवायची गरज दोन कारणांनी होती आणि दोन्ही आपल्या लोकांसाठी महत्त्वाची आहेत म्हणून सविस्तर लिहिते. एक म्हणजे मटण. उझबेक ओशात मेंढीचंही मटण असतं आणि गोमांसही सर्रास असतं, शिवाय ताश्कंदकडे वरून घोड्याच्या मांसाच्या सॉसेजच्या, काझी म्हणतात त्याला, चकत्या लावतात. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारलंच पाहिजे. 'कोय' म्हणजे मेंढी, 'मोल' म्हणजे गाय-बैल, एवढे दोन शब्द पाठ करून जा, कुणी वाईट मानत नाही, उलट नीट समजावून सांगतात. ओपाकडे फक्त मेंढीचंच करतात म्हणून भाच्याने ती जागा धरली होती. दुसरं कारण आमची नाशिकवाली, ती शुद्ध शाकाहारी. तिथे नुसतं "गोश्त नको" म्हणून भागत नाही हे भाच्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं. भोपळ्याच्या मंती मिळतात, मंती म्हणजे वाफवलेले मोठे मोमो म्हणा, पण त्या भोपळ्यात चवीसाठी दुंबा म्हणजे मेंढीच्या शेपटीची चरबी बारीक चिरून घालायची पद्धत आहे, आणि विचारलं तर ते मनापासून "यात मांस नाही" असंच सांगतात, कारण त्यांच्या हिशोबात चरबी म्हणजे मांस नव्हेच. म्हणून आदल्या दिवशी सांगायचं, दुंबा नको, तेलात करा. ओपाने तिच्यासाठी वेगळी पारी लाटून मंती केल्या होत्या, मेनूत नव्हत्याच त्या.

मी भाच्याला म्हटलं की मला होताना बघायचंय. तर तो म्हणाला मग दहाच्या आत पोचायला हवं.

सियोब बाजार माहितीय ना, बीबी खानुम मशिदीला लागून आहे तो, त्याच्या मागच्या बाजूच्या गल्ल्यांमध्ये हे घर. बाहेर पाटी अशी धड नाहीच. आत अंगण, वर द्राक्षाचा वेल, पाच-सहा टेबलं आणि कोपऱ्यात एक तापचान, म्हणजे मोठ्या पलंगाएवढा लाकडी चौथरा, त्यावर गाद्या आणि मधे बुटकं टेबल. अंगणाच्या मागे पत्र्याच्या शेडखाली कढई आणि तंदूर. आणि तंदूरशेजारी जो ढीग रचलेला होता तो बघून आम्ही चौघी जागच्या जागी थांबलो. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या! वाळलेल्या, बोंडांच्या कवचासकट, मोळ्या बांधून ठेवलेल्या. अमरावतीवाली म्हणाली, "अवो बाई, हे तं आपल्या वावरातलं दिसून राह्यलं." आमच्या लहानपणी यवतमाळला चूल पेटायची ती याच्यावरच, आईचा अर्धा दिवस त्या धुरात जायचा. तंदूर पेटवायला त्यांच्या गावाकडून येतात म्हणे, भरभर पेटतात आणि तंदूर लवकर तापतो. मी एक काडी उचलून हातात धरून उभी राहिले तर ओशपाझ म्हणजे ओश करणारे अका, ओपाचा नवरा, भाच्याला विचारायला लागले की यांना काय झालं. भाच्याने सांगितलं की आमच्याकडे पण कापूस होतो. मग त्यांनी हसून तेलाचा डबा पुढे केला, वास घ्या म्हणाले. सरकीचं तेल! त्यात थोडं जवसाचं. समरकंदच्या ओशात जवसाचं तेल मिसळतात, तेच याचं वैशिष्ट्य, थोडा कडसर खमंग वास येतो. सरकी आणि जवस, दोन्ही आमच्या घरचं, आणि आम्ही ते हजारो किलोमीटरवर जाऊन हुंगतोय.

आता ओश कसा करतात ते. तेल धूर निघेपर्यंत तापवलं, मग मटणाचे मोठे मोठे तुकडे, एकेक पाव किलोचा असेल, लालसर होईपर्यंत परतले, मग कांदा, आणि मग गाजरं. गाजरं पिवळी असतात तिथे, आपल्या केशरी गाजरांपेक्षा कमी गोड, आणि किसायची नाहीत, सुरीने लांब जाडसर काड्या कापायच्या, अकांनी ठामपणे सांगितलं की किसलेल्या गाजराचा लगदा होतो. प्रमाण सोपं आहे, मटण, गाजर, तांदूळ तिन्ही वजनाला सारखं. म्हणजे दहा किलो तांदळाला दहा किलो गाजर! आम्ही तर बघतच राहिलो. गाजराच्या थरावर रात्री भिजवलेले काबुली चणे, मनुका, अख्खे लसणाचे गड्डे न सोलता, जिरं, मीठ. जिरं पण वेगळं, शहाजिऱ्यासारखं बारीक काळसर, तळहातावर चोळून टाकतात. पाणी घालून तास-सव्वातास मंद उकळत ठेवलं. या सगळ्या खालच्या ऐवजाला झिरवाक म्हणतात, आणि अकांचं म्हणणं असं की ओश इथेच होतो किंवा बिघडतो, तांदूळ नंतर फक्त वर बसतो.

मसाला? काही नाही. जिरं, लसूण, वाटलीच तर अख्खी मिरची, संपलं. हळद नाही, गरम मसाला नाही. पुणेवाली सारखी "मग चव कशाची येणार" करत होती आणि मलाही मनातून तेच वाटत होतं खरं.

मग धुतलेला तांदूळ वर पसरला, झाऱ्यावरून गरम पाणी सोडलं म्हणजे थराला भोक पडत नाही, पाणी आटलं की तांदूळ मधे डोंगरासारखा गोळा केला, त्यात काठीने खोल भोकं पाडली वाफ वर यायला, मोठं भांडं पालथं घातलं आणि जाळ काढून घेतला. अर्धा तास हात लावायचा नाही. समरकंदचा ओश कधीच ढवळत नाहीत, ताश्कंद आणि फरगाण्याकडे ढवळून एकत्र करतात आणि यावरून त्या लोकांची चांगलीच वादावादी चालते, आपल्याकडे पुरणपोळी गुळाची की साखरेची यावरून चालते तशीच. अका समरकंदचे, त्यांनी ताश्कंदच्या ओशाबद्दल जे काही सांगितलं ते भाच्याने आम्हाला भाषांतर करून दिलं नाही.

पावणेबाराला ओपाने बसायला बोलावलं. तापचानवर बसताना सगळ्यात मोठ्या माणसाला दारापासून सगळ्यात लांब, आतल्या बाजूला बसवतात, ती मानाची जागा. अमरावतीवाली आमच्यात काही महिन्यांनी मोठी, तिला तिकडे सरकवलं. दस्तरखान म्हणजे जेवणाची चादर आधीच मांडलेली होती, द्राक्षं, अक्रोड, जर्दाळूच्या भाजलेल्या बिया, नवोत म्हणजे पिवळसर खडीसाखरेचे मोठाले खडे, आणि मधे नोन म्हणजे तिथला तंदुरी पाव.

समरकंदच्या नोनबद्दल लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल. जाड, जड, वरून काचेसारखा चकाकणारा, मधे ठशाने टोचलेली नक्षी. एकच पाव, पण हातात घेतला की वजन कळतं. तो सुरीने कापत नाहीत. घरातला कुणीतरी हाताने मोडतो आणि प्रत्येकाच्या पुढ्यात तुकडे ठेवतो, आमच्यात ओपाने मोडला. पालथा कधीही ठेवायचा नाही, पुणेवालीच्या समोरचा तुकडा उलटा पडला होता तर ओपाने बोलता बोलताच अलगद सुलटा केला, एक शब्द न बोलता. भाच्याने आम्हाला एक प्रथा सांगितली ती मला फार आवडली, घरातलं कुणी लांबच्या प्रवासाला किंवा मुलगा सैन्यात जायला निघाला की त्याला नोनचा एक घास चावायला लावतात आणि उरलेला नोन भिंतीवर टांगून ठेवतात, तो परत आला की त्यानेच तो संपवायचा. तो सांगत होता आणि त्याची मावशी, म्हणजे आमची पुणेवाली, एकदम गप्प झाली. पोराला घरापासून लांब राहून वर्षं झालीत, फोनवर तो सगळं मस्त चाललंय असंच सांगतो. मग ओपानेच तिच्या हातावर हात ठेवला आणि उझबेकमध्ये काहीतरी म्हणाली, भाच्याने लाजत लाजत सांगितलं की ती म्हणतेय हा परीक्षेच्या दिवसांत इथे येऊन जेवतो, मी लक्ष ठेवते. त्याच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये डाळ-भात असतो, पण ताप आला तेव्हा याच बाईने शोर्पा म्हणजे मटणाचं सूप करून पाठवलं होतं म्हणे, हे घरी कुणालाच माहिती नव्हतं. पुणेवालीने तिथल्या तिथे बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि ओपाला दाखवलं. त्या दोघी एकमेकींना एक अक्षर न कळता पाच-सात मिनिटं बोलत होत्या.

चहा आला. हिरवा चहा, दुधाचं नाव नाही, साखर पण नाही. किटली म्हणजे चोयनाक आली की लगेच ओतून प्यायचा नाही, पहिल्यांदा पियाल्यात ओतायचा आणि परत किटलीत टाकायचा, असं तीनदा, म्हणजे पत्ती नीट मुरते. मग ज्याला द्यायचा त्याला उजव्या हाताने, डावा हात छातीवर. आणि पियाला भरून देत नाहीत! तळाशी दोन-तीन घोट. नाशिकवालीला वाटलं चहा कमी पडला असेल म्हणून तिने "मला पुरे" म्हटलं, तर भाच्याने समजावलं, मावशी थोडा देणं म्हणजेच मान, म्हणजे तुमचा पियाला पुन्हा पुन्हा भरायला मिळतो, काठोकाठ भरून दिला तर समजायचं की आता निघा. त्या पियाल्यांवर निळ्या रंगात पांढरी फुटलेली बोंडं काढलेली असतात, सोनेरी कड. उझबेकिस्तानात घरोघरी हाच सेट दिसतो. पऱ्हाट्या, सरकी आणि आता कपावर पण बोंड.

ओपाला आम्ही त्या नक्षीबद्दल विचारलं आणि मग तिने बसून सांगितलं. ती पन्नाशी ओलांडलेली आहे, म्हणजे शाळा सोव्हिएत काळातली. सप्टेंबर लागला की शाळा बंद आणि सगळी पोरं कापूस वेचायला, ठरलेलं वजन भरलंच पाहिजे, बोटं बोंडाच्या टोकांनी फाटायची, मोठ्या वर्गातल्या मुली तिकडेच मुक्कामाला, थंडी पडेपर्यंत. देश स्वतंत्र झाल्यावर पण ते थांबलं नाही, शिक्षक, नर्सा, डॉक्टर, कॉलेजची मुलं, सगळ्यांना पाठवायचे, जगभरच्या कंपन्यांनी उझबेक कापसावर बहिष्कार टाकला होता यासाठी. २०२१ च्या हंगामात ती पद्धतशीर जबरदस्ती संपली असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सांगितलं आणि २०२२ मध्ये बहिष्कार उठला. याच कापसाला पाणी देण्यासाठी अमू दर्या आणि सिर दर्या वळवल्या आणि अरल समुद्र आटला, ते तर आपण भूगोलात शिकलोच. पण ते वाचणं वेगळं आणि समोरची बाई स्वतःची बोटं दाखवत सांगते ते वेगळं. आमच्या आयाही वेचणीला जायच्या, मजुरीने. अमरावतीवालीची आई तर शेवटपर्यंत. ती म्हणाली, "ओपाले सांग, माह्या मायची बोटं पण अशीच होती." भाच्याने सांगितलं. ओपाने मान हलवली आणि उठून ओश घेऊन आली.

एवढा मोठा लगान, म्हणजे नक्षीचं पसरट ताट, आम्हा तिघींत एक. खाली तांदूळ, त्यावर गाजर, वर अकांनी तिथेच उभं राहून कापलेलं मटण, चणे, मनुका, आणि शिजून लोण्यासारखा झालेला लसणाचा अख्खा गड्डा. सोबत अचिचुक, म्हणजे टोमॅटो आणि कांदा कागदासारखा पातळ चिरून मिरची मीठ, तेल नाही. हे सोबत घ्यायलाच हवं, ओश तेलकट आहे, भरपूर तेलकट, आणि अचिचुकचं आंबट पाणी आणि गरम चहा नसेल तर चार घासांनंतर जड होतो. थंड पाणी किंवा कोल्ड्रिंक त्यावर पिऊ देत नाहीत, चरबी पोटात गोठते म्हणतात. आम्हाला तर बाटली उघडूच दिली नाही ओपाने.

आणि चव? मसाला नसताना चव कशाची येणार याचं उत्तर गाजरात होतं. गाजराचा गोडवा, जवसाचा कडसरपणा, मटणाचा रस, मधेच मनुकेचं आंबटगोड, दाताखाली जिरं. लसणाची पाकळी सालातून दाबून काढायची आणि भाताला लावायची, अका करून दाखवत होते. बिर्याणीच्या अपेक्षेने गेलात तर पहिला घास सपक लागेल हे सांगून ठेवते, तिसऱ्या-चौथ्या घासाला जीभ शांत होते आणि मग एकेक वेगळं कळायला लागतं. मला बिर्याणी आवडतेच, पण हा ओश मला जास्त आवडला, आणि हे मी नागपुरात उघडपणे सांगते.

नाशिकवालीच्या मंती आल्या तेव्हा आम्ही तिघींनीही त्यावर डल्ला मारला. पातळ पारी, आत भोपळा कांदा मिरी, वर घट्ट सुझमा, म्हणजे आपला चक्काच, बिनसाखरेचा. फार सुरेख.

जेवण झालं म्हणून लगेच उठत नाहीत. ताटं गेली, पुन्हा चहा आला, खरबूज कापून आलं, ऑक्टोबरात तिथली खरबुजं म्हणजे काय सांगू, मध. मग आतल्या जागेवर बसलेल्या मोठ्या माणसाने दुआ म्हणायची असते, अमरावतीवालीला येत नव्हती तर ओपा म्हणाली तुमच्या भाषेत म्हणा. तिने डोळे मिटून अन्नदात्याला सुखी ठेव असं काहीतरी म्हटलं, सगळ्यांनी ओंजळी धरल्या, ओमिन म्हणून हात चेहऱ्यावरून फिरवले, आम्हीही फिरवले.

बिल आलं ते आकडा बघून दचकायला होतं, कारण एका डॉलरला साधारण बारा हजार सोम, त्यामुळे सगळं लाखांत. हिशोब केला तर पुण्यातल्या मध्यम हॉटेलपेक्षा कमीच पडलं. छोट्या ठिकाणी रोख ठेवा, आणि मोठ्या हॉटेलांत सर्व्हिसचे टक्के वेगळे लावतात ते आधी विचारा, इथे तसं काही नव्हतं. मंतीचे पैसे ओपाने लावलेच नव्हते. खूप आग्रह केला, घेतले नाहीत. मग पुणेवालीने भाच्यासाठी आणलेल्या फराळातला चिवडा आणि करंज्यांचा डबा अर्धा तिच्याकडे दिला, तो मात्र तिने आनंदाने घेतला आणि अकांनी तिथेच उघडून करंजी खाल्ली.

निघताना नाशिकवालीने मंतीची कृती लिहून घेतली, ती इथे देते. मैदा पाणी मीठ घट्ट मळून अर्धा तास झाकायचा, चौकोनी पातळ पाऱ्या. लाल भोपळा किसायचा नाही, बोराएवढे तुकडेही नकोत, अगदी बारीक फोडी. जवळजवळ तेवढाच कांदा, मिरपूड, जिरं, मीठ, भोपळा गोड नसेल तर चिमूटभर साखर, दोन-तीन चमचे तेल. मीठ पाऱ्या भरायच्या अगदी आधी घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. चार कोपरे मधे आणून चिमटायचे, चाळणीला तेल लावून चाळीस मिनिटं वाफ. तिने घरी करून बघितल्या, जमल्या, फक्त आपला भोपळा पाणी जास्त सोडतो म्हणून ती फोडी चिरल्यावर तासभर पंख्याखाली पसरून ठेवते.